घट

रात्री दीडनंतरच मोजायला बसते मी.
त्याआधी हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या जातात,
डेक लावून, जोडीनं,
आणि विद्यापीठाच्या तळघरातलं
हवेवर तोललेलं टेबलसुद्धा
त्या ठेक्यावर किंचित डुलतं.
स्क्रीनवर तेवढ्यापुरता एक काटा उगवतो.
वहीत त्याच्यापुढं मी लिहिते: ऊस.

कुपीत नारिंगी द्रव, त्यात रवे.
हुपरीच्या सगळ्यात बारीक घुंगराच्या
लाखाव्या हिश्शाहून लहान.
आणखी लहान केले तर हिरवे, मोठे केले तर लाल;
माल तोच, माप बदललं की रंग बदलतो.
बाबांना हे एका दमात पटलं होतं.

पहिला झोत लागतो.
इलेक्ट्रॉन उठतो, मागं त्याची रिकामी जागा,
आणि रवा इतका अरुंद
की दोघांना रुसून लांब बसायचीही सोय नाही.
दुसरा झोत उशिरा येतो, विचारतो:
आहात का अजून?

तो उशीर घड्याळात नसतो, आरशात असतो.
आरसा केसभर मागं घ्यायचा.
सेकंदाचे दोन लाख कोटी भाग केले
तर त्यातला एक भाग
प्रकाशाला उशीर होतो.

सात आठवडे उत्तर एकच:
शंभरातल्या चाळीस जोड्या
सुरुवातीलाच गायब. उजेड न देता.

फोनवर बाबांना सांगितलं.
"घट म्हणायची," ते म्हणाले,
"पॉलिश कमी पडलं असंल."
मुलामा दिलाय बाबा, झिंक सल्फाइडचा. दोनदा.
पलीकडं ब्लोअरचा आवाज,
आई कशाला तरी नको म्हणत होती.
"मग ती मालाची घट न्हवं. हाताची हाय.
जोरात मारतीस तू."

राग आला मला.
बेचाळीस वर्षं ठोकून
ज्यांचा उजवा अंगठा आता वळत नाही
त्यांनी मला हात शिकवावा.

रागातच फिल्टर चढवला.
झोत दहाव्या हिश्शावर.

मी एकेका रव्यात
दोन-दोन जोड्या कोंबत होते.
एवढ्याशा खोलीत दोन संसार;
त्यातली एक जोडी विझते
आपलं सगळं दुसरीच्या पदरात टाकून,
आणि उजेड कुणाच्याच नावावर लागत नाही.

आता ती घसरण नाही. रेघ जवळजवळ सपाट,
पण सिग्नल असा दुबळा
की एकेका बिंदूला चार मिनिटं थांबायचं.
रव्यात एक जोडी.
बहुतेक रव्यांत तर एकही नाही,
ते नुसतेच नारिंगी.

पावणेपाचला मागं राहिलेली एक ट्रॉली गेली.
काटा उगवला. पेन सापडेना.
बाबा या वेळी उठलेले असतात,
कोमट पाण्यात अंगठा बुडवून बसलेले.

फोन लावला नाही.
अकरा बिंदू राहिलेत अजून.