डेड स्टॉक

मार्चअखेर. ऑडिटचे हेब्बाळकर साहेब
प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात
रजिस्टर मांडीवर घेऊन बसलेत.
मी शिडीवर. बरणी पुसतो, नंबर वाचतो,
'आहे' म्हणतो. ते टिक करतात.

चोवीस, वटवाघळाचा पंख: आहे.
पंचवीस, बकरीचा पुढचा पाय: आहे.
सव्वीस, माणसाचा हात, तारेत ओवलेला,
करंगळीचं एक पेर १९८८ पासून गहाळ,
शेऱ्यात तशी नोंद: आहे.
घोरपडे बाई हे तिन्ही एका ओळीत मांडायच्या
आणि नव्या पोरांना काही न सांगता म्हणायच्या, मोजा.
दंडात एक. पुढं दोन. मग मनगटाचे खडे. मग बोटं.
वटवाघळाची बोटं लांबत गेली, त्यांवर कातडं ताणलं,
बकरीची एकेक गळत दोन उरली,
आपल्या बोटांत पेन आलं.
नवीन कुणीच काही आणलं नाही, बाई म्हणायच्या,
घरात होतं त्यातच भागवलंय सगळ्यांनी.

एकतीस, माणसाचा कणा.
इथं मी फडकं जरा जास्त वेळ फिरवतो.
खाली टोकाशी चार मणी चिकटून एक झालेले.
शेपूट गेलं, पावती राहिली.
एकोणिसाव्या वर्षी गंगावेशीतल्या तालमीत
ढाक मारताना मीच आपटलो या हाडावर.
कुस्ती सुटली, ही नोकरी लागली.
तेल चोळता चोळता वस्ताद म्हणाले होते,
माकडहाड गेलं की रं तुझं.
वस्ताद सातवी नापास.
भाषेला ठाऊक होतं,
आम्हीच कधी विचारलं नव्हतं.

शेहेचाळीस.
इथं साहेब अडले.
'मासा एक, पंचगंगा, १९६१. नाव?'
बरणीवरची चिठ्ठी कसरीनं खाल्लेली.
रजिस्टरातही नेमक्या त्याच ओळीवर बारीक नक्षी.
कसरीला साधा किडा समजू नका, साहेब,
तिचं घराणं डायनासोरच्याही आधीचं.
ते गेले, ती राहिली,
आणि इथं येऊन याचं नाव खाऊन बसली.

दोन वर्षांमागं ही बरणी मी पिशवीत घालून
(नियमात बसत नाही, लिहू नका)
प्रयाग चिखलीला सटवा भोयाकडं नेली होती.
त्यानं ती उन्हाकडं धरली.
मासा पांढराफटक, डोळा साबुदाण्यासारखा.
'आज्जा धरायचा ह्यो. लई गोड. नाव व्हतं की ह्येला.'
बराच वेळ त्याचे ओठ नुसते हलत राहिले.
मग जाळं उलटं करून दाखवलं, सगळी चिलापी.
'बंधारा झाला, चढणीची वाट मुजली.
मग मळी सुटली, पाणी चहागत काळं.
एका सकाळी नदीभर पांढरी पोटं.
लोकांनी पाट्या भरून न्हेली.
आमीबी न्हेली, खोटं कशाला बोलू.
ऱ्हायल्यालं ह्या चिलापीनं...'
आणि पुन्हा बरणीकडं बघत बसला,
भावकीतला कुणी ओळख विसरल्यासारखा.

साहेब म्हणाले, द्रव आटलाय, वस्तू निरुपयोगी,
निर्लेखित करून टाका.
निर्लेखनाला तीन सह्या लागतात.
प्राचार्य, विभागप्रमुख, भांडारपाल.
खुर्चीचा पाय मोडला तरी तीन सह्या.
नदीतनं हा गेला तेव्हा
कुणाच्या घेतल्या होत्या?
हे मी मोठ्यानं विचारलं नाही.
पेन्शनची फाईल अजून वर जायचीय.

शिडीवरून उतरलो. स्पिरिटचा कॅन काढला,
बरणी गळ्यापर्यंत भरली.
मासा तळावरून जरासा उचलला,
शेपूट हलल्यासारखं झालं.
हललं ते स्पिरिट, मला कळतं.

'आहे,' मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, बरणीकडं बघितलं,
घड्याळाकडं बघितलं.
टिक केली.
नावाची जागा तशीच ठेवून
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
सुस्थितीत.