तळ

माझ्या लेकीचं, दर्पणाचं, वजन शहाण्णव किलो.
रेशनच्या दुकानातल्या काट्यावर तिनं ते करून बघितलं
आणि घरी येऊन असं सांगितलं
जसे दुसऱ्यांच्या मुली मार्क सांगतात.

भांडुप पूर्वेला, पालिकेच्या शाळेत, वरच्या मजल्यावर
सिल्वेस्टर सरांनी मॅटवर रिंगण आखलंय.
बाहेर पाऊल पडलं, हरलीस.
तळव्याशिवाय अंगातलं काहीही टेकलं, हरलीस.
इतकंच.
आमच्या भावकीतल्या भांडणालाही याहून जास्त नियम.

मोबाईलवर दाखवलं तिनं:
जपानातले दोन गडी, बुचड्याला तेल, कमरेला जाड पट्टा.
एक पाय बाजूला उचलतात, सावकाश, पार वर,
थांबतात,
आणि धपकन खाली.
जमिनीतलं वाईट दाबून टाकायला, म्हणाली.

पारूआत्या पदर तोंडाला लावून हसली.
मी नाही हसलो.
दिवाळी उलटली की आगरावर आम्ही हेच करायचो.
कोंडीतलं पाणी काढायचं, आठ-दहा जणांनी
एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायचे
आणि चिखल तुडवायचा, डावा, उजवा, डावा,
तळ असा होईस्तोवर की वर भाकरी थापावी.
कच्च्या तळाचं मीठ काळं निघतं.
व्यापारी चिमटीत धरतो, बघतो, परत टाकतो.

मग ते मूठ भरून मीठ उधळतात.
खडं की बारीक? मी विचारलं.
ते तिला माहीत नव्हतं.
तीस वर्षं उन्हात ओढलेलं मीठ
कुणी अक्षतांसारखं उडवतं,
आधी राग आला. मग नाही आला.

ती म्हणाली, रिंगणाच्या मातीत आधी नैवेद्य पुरतात,
तांदूळ, समुद्रातलं शेवाळ, सुकवलेला माकूल.
माकूल? आत्या उठून बसली.
मग देव आपल्यातलाच की गो.

आणि बाईनं त्या मातीवर पाय ठेवायचा नाही,
हे तिनं स्क्रीन बंद करता करता सांगितलं.

मी बिडी शोधत राहिलो.
सात वर्षांची होती. गावच्या तालमीत
हौद्याच्या कडेला उभी राहून तिनं
लाल मातीत एक अंगठा घातला होता, फक्त अंगठा.
बखोट धरून मीच बाहेर काढली.
तिला आठवतं का, ते विचारलेलं नाही.

मुलुंडच्या हॉलमध्ये स्पर्धा.
शेवटच्या हंगामातलं मीठ रुमालात बांधून नेलं.
बिल्लेवाला म्हणाला, काका, इथे मीठ नसतं,
मॅट खराब होते.
रुमाल खिशात.

समोरची हरयाणाची.
दोघींनी मुठी टेकल्या.
दोघींचा श्वास एकदम थांबला, मला ऐकू आला,
आणि मांसावर मांस आपटल्याचा आवाज.
चार सेकंद.
मला पानाला चुना लावायला याहून जास्त लागतात.
टाच बाहेर, सर म्हणाले. बोटभर.
तिनं वाकून नमस्कार केला, तिकडच्या पद्धतीनं,
आणि माझ्याकडे बघितलं नाही.

रुमाल घरी येईस्तोवर ओला झाला होता.
मीठ हवेतलं पाणी पितं, त्याला सवय आहे.

आगर चार वर्षं बंद. पत्र्याचं कुंपण.
वॉचमन भोईरांचा नारायण, ओळखीतला,
त्यानं तोंड फिरवलं, आम्ही आत शिरलो.
पलीकडे हायवेचे दिवे लागत होते.
आमची कोंडी मऊ पडलेली, वर खेकड्यांची भोकं.

दर्पणानं चपला बांधावर काढल्या.
पाय उचलला बाजूला, पार वर,
आणि आपटला.
घोट्यापर्यंत रुतली.

सगळा तळवा टाक, म्हटलं, नुसती टाच नको.
आणि खांद्यावर हात ठेव माझ्या.
डावा.
उजवा.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं,
बाबा, मीठ टाकायचं का आता?

थांब. तळ होऊ दे.