कोरडं वजन

पहाटे पाच चाळीसला मी चौघांना सुया टोचते
आणि सहाच्या आत
कोच नेमायला सुरुवात होते.

हार्लन फोर्क कॉलेजनं जुन्या कोचला रविवारी काढलं.
अकरा जिंकले, एकोणीस हरले,
शेवटचा तर घरच्याच कोर्टावर, तीस गुणांनी.
तेव्हापासून तिकडची एक खुर्ची रिकामी
आणि माझ्या चारही भरलेल्या,
सोमवार, बुधवार, शुक्रवार.

व्हर्लिन स्टकी, चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेला,
म्हणतो, प्रूइटच हवा.
त्याची पोरं बचावाला अशी वाकतात
की गुडघ्यांना फरशीचा गारवा लागतो.
"दोनदा हाकललाय त्याला," ओडेटा क्रूम म्हणते,
"तिसऱ्या ठिकाणी तो गाडी चालूच ठेवून आत येईल."
ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची.
सुई नसलेल्या हाताची बोटं अजून खुर्चीवर वाजवतात काहीतरी.
तिला ओहायोतला तो तरुण सहायक हवाय, ओटिस,
जो टाइमआउटमध्ये ओरडत नाही.
"सांगायलाच काही नसेल तर ओरडणार काय?"
व्हर्लिनचं प्रेशर एकशे अठ्ठ्याहत्तर.
मी म्हणते, ओटिसला दहा मिनिटं बाजूला ठेवा.

लोवेल हॅचचं पशुखाद्याचं दुकान होतं,
त्यामुळे घोडं कुठे पेंड खातं ते त्याला बरोबर ठाऊक.
"पैसे कुठायत?" एवढंच विचारतो
आणि झोपतो.

तिसऱ्या खुर्चीतला एमेट रडल
बुधवारी पहिल्यांदा बोलला.
"मार्लीन डॉस."
कोण? ती हायस्कूलची? मुलींना शिकवते ती?
लोवेलसुद्धा हसायला जागा झाला.
एमेटनं ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढलं.
"सव्वीस वर्षं ते जिम मी पुसलं.
बाकीच्यांचा सराव झाला की घाम फक्त बास्केटखाली.
तिचा झाला की
चारही कोपऱ्यांत."

मग फक्त यंत्रांचा आवाज.
मग ओडेटा म्हणाली, "कॉलेजवाले ऐकणार नाहीत."
"मी कुठे त्यांना सांगतोय," एमेट म्हणाला.

चार तासांनी प्रत्येकाला काट्यावर उभं करते.
कुणाचे दोन किलो उतरलेले, कुणाचे तीन.
मत एक ग्रॅमही नाही.

शुक्रवारी तिसऱ्या खुर्चीवर घडी घातलेली चादर होती.
बहिणीचा फोन येऊन गेला होता. मी सांगितलं नाही,
त्यांनी विचारलं नाही.
पहिला तास कोच कुणीच नेमला नाही.
मग घसा खाकरून व्हर्लिन म्हणाला,
डॉसबाईंची बाजू कुणी तरी मांडायला हवी ना.
आणि मांडली. वाईट मांडली,
बस ड्रायव्हरसारखी, प्रत्येक थांब्यावर अडखळत.
"बास्केटखाली सगळा घाम..." तो म्हणाला.
"कोपऱ्यांत," ओडेटानं दुरुस्त केलं. "चारही."
लोवेलनं डोळे न उघडताच मान हलवली.

पुढच्या मंगळवारी कॉलेजनं नेब्रास्काचा कुणी माणूस आणला.
दात बरे आहेत.
बुधवारपासून त्याला काढायची चर्चा सुरू झाली.

मी आजवर एकही सामना पूर्ण पाहिलेला नाही.
तरी त्या संध्याकाळी घरी जाताना
हायस्कूलच्या जिमचं दार उघडं दिसलं म्हणून थांबले.
सराव संपला होता. मुली निघून गेल्या होत्या.
लांब दांड्याचा मॉप घेऊन एक नवा पोरगा आला, कानात गाणी.
मधली सगळी फरशी तशीच ठेवून
तो आधी थेट पलीकडच्या कोपऱ्यात गेला.