तीन किलो शंभर

सल्माबादच्या गल्लीत, टायरवाल्याच्या मागे,
आमच्या गॅरेजात वजनकाटा नाही.
म्हणून मी माझा आणला,
बॅग तोलायचा, हुकवाला,
दोन वर्षांतून एका रात्रीपुरता जो पलंगाखालून निघतो.
दाराची काच सुतळीत बांधून लटकवली.
चार किलो आठशे.

दुऐजने आकडा हातावर लिहिला.
त्याच्या वडिलांची जुनी गाडी ही,
आता साखीरला धावणार.
सीटा गेल्या, गालिचा गेला, एसी गेला.
छताचं अस्तर काढलं तेव्हा
आतून केसांची एक पिन पडली.
ती त्याने खिशात टाकली. तिचं वजन केलं नाही.

दापोलीत मी फोटोंना काचा बसवायचो.
लग्नं, हाजी, बारावीला पहिले आलेले,
आणि हार घालायचे ते.
ती काच शहाणी. हिऱ्याची एक रेघ,
खालून एक टिचकी, की ऐकते.
हे पॉलिकार्बोनेट ऐकत नाही.
हातोडी मारा, हसतं.
पण नख लागलं तर जन्मभर लक्षात ठेवतं.

आधी पुठ्ठ्याचा नमुना. मग शीट.
बारीक दातांचं पातं, संथ,
घाई केली की कड वितळून पात्यालाच चिकटते.
वरचा निळा कागद शेवटपर्यंत काढायचा नाही,
हे नुवानला तीनदा सांगितलं,
चौथ्यांदा त्याने माझ्याच आवाजात मला सांगितलं.
भोकं मोठी पाडायची, पाचच्या स्क्रूला आठचं,
खाली रबरी वायसर, आणि पिळायचं नाही.
जूनमध्ये इथे सगळंच फुगतं,
प्लॅस्टिक, पाय, खोलीचं भाडं.
जागा ठेवली नाही तर स्क्रूपाशी तडा जातो,
केसाएवढा, आधी दिसतही नाही.
थिनरने पुसायचं नाही. साबण, पाणी, जुना बनियन.
मागच्या खिडकीवर ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या,
वेगात हवा तिला बाहेर ओढते म्हणे.
मी त्या वेगात कधी बसलो नाही.
माझं सगळं काम त्या 'म्हणे'च्या भरवशावर.

नवी खिडकी लटकवली. एक किलो सातशे.
दुऐजने वजाबाकी केली आणि नाचलाच.
तीन किलो शंभर!
मीही केली.
तीन किलो शंभर म्हणजे दुधाच्या पावडरीचा मोठा डबा,
रुकय्याचा शॅम्पू, पोराचा एका पायाचा बूट.
विमानतळावर, काउंटरसमोर, गुडघ्यांवर बसून,
मागे रांग, बॅग सताड उघडी,
ही वजाबाकी मी केलेली आहे.
तेव्हा कुणी नाचलं नव्हतं.

संध्याकाळी म्हातारे आले. चपलेत वाळू.
मुलगा आत, हेल्मेटसकट, इंजिन चालू.
ते बाहेरून काहीतरी म्हणाले.
मुलाचा हात सवयीने दाराकडे गेला,
काच खाली करायला.
तिथे बटण नव्हतं, मोटर नव्हती,
मी पाडलेलं भगदाड होतं.
म्हातारे पुन्हा म्हणाले.
प्लॅस्टिकमागे ओठ हलले, शिनू? शिनू?
मग ते राहू दे म्हणून हात झटकून
टायरवाल्याकडे चहा प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी, कुणी न सांगता,
मी त्या खिडकीत तळहाताएवढं सरकतं झाकण कापलं.
ऐंशी ग्रॅम वाढले.
दुऐजने काट्याकडे पाहिलं.
आकडा हातावर लिहिला नाही.

शुक्रवारी, ट्रॅकवर,
म्हाताऱ्यांनी त्यातून चार बोटं आत घातली
आणि दोन-तीन शब्द बोलले. माझं अरबी तेवढं नाही.
मुलाने मान हलवली.
झाकण सरकलं, खट्.

जुनी काच माझ्या पलंगामागे उभी आहे.
वाकडी, कुठल्याच फोटोला बसणार नाही.
हिऱ्याने रेघ ओढायला गेलो तर
खोलीभर साबुदाणा होईल.
नुवान म्हणतो, फेकून दे.
फेकेन.
आज सकाळी उगाच पुन्हा तोलली.