दोनशे चार ओळी

मे महिना. गायत्रीनगर. रात्रीचे दीड.
कूलरमधलं पाणी संपलंय,
वाळ्याच्या ताट्या कोरड्या,
पंखा गरम हवाच परत परत फेकतोय
आणि मी पडद्याला वर सरकायला शिकवतेय.

पडदा म्हणजे पंचवीस ओळी, ओळीत ऐंशी घरं.
सव्विसावी आली की पहिलीनं जायचं.
कुठे जायचं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आधी मी ओळी उचलून ठेवत होते,
दुसरी पहिलीच्या जागी, तिसरी दुसरीच्या.
एकदा चुकून तळापासून सुरुवात केली
तर शेवटची ओळच चढत गेली सगळ्यांच्या अंगावर,
पंचवीसच्या पंचवीस एकच बोलायला लागल्या:
डिस्क सापडत नाही, डिस्क सापडत नाही.
लाईट गेल्यावर गच्च्यागच्च्यांवरून
तुमच्याकडे आहे का, तुमच्याकडे आहे का,
तसं.

उलटं केलं. चाललं. पण जड.
एका ओळीसाठी दोन हजार घरं हलवायची,
सीताबर्डीत एक स्कूटर काढायला
अख्खी रांग ढकलावी लागते तेवढा घाम.

गजभिये असता तर म्हणाला असता,
'अक्षरं काहून हलवून राहिली तू?
खिडकी सरकव ना.'

म्हणून आता दोन रजिस्टरं. बारा नंबर, तेरा नंबर.
दोघांत मिळून एक आकडा:
पडद्यानं कुठून वाचायला लागायचं.
त्यात ऐंशी मिळवले की झालं.
कुणी जागचं उठत नाही,
आपणच एक पायरी उतरतो.

उतरत गेले.
दोनशे चार ओळी, आणि मेमरी संपली.
संपली म्हणजे गोल फिरून पहिल्या घराशी आली.
चौसष्ट घरं रिकामी,
मग अगदी उजव्या कडेला, रोमन अक्षरांत:
उठलो बे, तर्री
आणि पुढच्या ओळीत, डाव्या टोकाला: कमी.

मशीन सुरू होताना छापायची पहिली ओळ.
त्यानं लिहिलेली. इतक्या झपकन वर जायची
की दीड वर्षात मी ती एकदाही वाचली नव्हती.
तो फेब्रुवारीत हैदराबादला गेला.
त्याच्या खुर्चीवर आता यूपीएस असतो.

दुरुस्ती सोपी होती.
नवी ओळ आली की आधी तिची ऐंशी घरं पुसायची,
शेवटचा तुटका तुकडा सोडून द्यायचा.
केली.
दोनशे चार, पाच, सहा. स्वच्छ.

पाणी आणून कूलरमध्ये ओतलं. दोन बादल्या.
मग परत बसले
आणि त्या पहिल्या ओळीनंतर
तीन सेकंदांचा थांबा घातला.
कारण लिहायच्या जागी लिहिलं:
पडदा जागा व्हायला वेळ घेतो.
नागपूरच्या उन्हाळ्यात तपासलेले.