चारवीसची गाडी

चारवीसची गोंडपिपरी चुकली की गाडी थेट सकाळी,
म्हणून शेवंता कोडापे
टायट्रेशन अर्धं टाकून पळायची,
ब्युरेटमध्ये परमँगनेट तसंच, जांभळं.

तिसऱ्यांदा बुडालं तेव्हा अर्जच आणला:
"टीसी द्या सर, बीए करतो."

मी पेनाचं टोपण काढलं होतं.
लॅबचे नैतामभाऊ फ्लास्क पुसत म्हणाले,
"सकाळी आठले ये ना पोरी.
किल्ली माह्याच कंबरेले आहे."

आता आठला पाच जणी असतात.
फ्लास्क तापतो, गुलाबी रंग येतो, उडतो.
"टाक अजून थेंब," भाऊ मोजतात,
"तीस सेकंद टिकला पाह्यजे."

अर्ज माझ्या खणात, सहीविना,
कोपऱ्यावर तिच्या बोटाचा तपकिरी ठसा.
निकाल सोमवारी.
किती वाजता लागतो,
नैतामभाऊंनी दोनदा विचारलं.