प्रश्न बारावा

एम. वाय.च्या तिसऱ्या मजल्यावर, डायलिसिसच्या खाटेशी
मी वाचते प्रश्न बारावा:
अशी दहा वर्षं हवीत,
की ठणठणीत सात?

खांडवेकर छताकडे बघतात.
"सात कुठली देता, ते सांगा.
सुनेला दिवस गेलेत.
यंदाचं तेवढं सोडा,
बाकी कुठलीही तीन काढा बुवा."

रकाना एवढा मोठा नाही.

मुलगा सियागंजात तोलाईला,
मंगळ, गुरू, शनी खाडा.
ते मात्र बसतं नीट:
अप्रत्यक्ष खर्च, रोज चारशे वीस.

रात्री पलासियाच्या खोलीवर
मी तीन वर्षं वजा करते.
यंदाचंही त्यात गेलं की काय,
पत्रक सांगत नाही.
०.७
मधला ठिपका
सुईच्या टोचणीएवढा.

सकाळी भोपाळला पाठवायचंय.
दोन नव्या मशीनची मंजुरी
त्यावर टेकलीय.